बंदुकीचा आकडा आणि अंगातला ताप

पूर्वी रुग्ण दवाखान्यात आला की सांगायचा, "डॉक्टर, अंग मोडून आलंय, रात्री हुडहुडी भरली, तोंडाला चव नाही." आता तो खुर्चीत बसता बसताच सांगतो, "डॉक्टर, बंदुकीत ९७.८ आला. म्हणजे ताप नाही ना?" बंदूक म्हणजे कपाळासमोर धरून, अंगाला न लावता ताप सांगणारे यंत्र. २०२० साली करोनाच्या साथीबरोबर ते गावोगाव पोहोचले. बँकेच्या दारात, शाळेच्या फाटकात, लग्नाच्या मांडवात, जिथे पाहावे तिथे कोणीतरी हे यंत्र घेऊन उभा असे. साथ ओसरली, पण बंदुका राहिल्या. काही कपाटात सेल गंजून पडल्या आहेत, तर काही अजून रोज वापरात आहेत.

या यंत्राविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींना वाटते, इतके आधुनिक यंत्र, तेव्हा त्याचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. काहींना वाटते, हा सगळा फसवणुकीचा धंदा आहे. माझ्या मते दोघेही चुकतात. यंत्र खरे आहे आणि त्यामागचे शास्त्र जुने व पक्के आहे. परंतु ते जे मोजते तो अंगातला ताप नव्हे. ते कपाळाच्या कातडीची उष्णता मोजते आणि त्यावरून आतल्या तापाचा अंदाज बांधते. हा अंदाज केव्हा जमतो आणि केव्हा फसतो, हे ठाऊक असेल तर यंत्र उपयोगी आहे. ठाऊक नसेल तर प्रसंगी जिवावर बेतू शकते. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

न शिवता उष्णता कशी कळते?

थंडीच्या दिवसांत शेकोटीजवळ बसलेल्या प्रत्येकाने एक गोष्ट अनुभवली असेल. चेहरा चांगला तापलेला असतो. मध्ये एखादा पुठ्ठा धरला की ऊब क्षणात बंद होते आणि पुठ्ठा काढला की क्षणात परत येते. ही ऊब तापलेल्या हवेने आणलेली असती, तर एवढ्या झटपट आली-गेली नसती. शेकोटीतून उजेडासारखेच सरळ रेषेत जाणारे किरण निघतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण कातडीला कळतात. यांनाच अवरक्त किरण म्हणतात.

या किरणांचा शोध लागला १८०० साली. युरेनस हा ग्रह शोधून काढणारे इंग्लंडमधील खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी सूर्यप्रकाश लोलकातून पाठवून त्याचे रंग वेगळे केले आणि निरनिराळ्या रंगांत थर्मामीटर ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे थर्मामीटर सर्वांत जास्त चढला. तांबड्याच्या पलीकडचे म्हणून ते अवरक्त.

असे किरण केवळ सूर्य आणि शेकोटीच सोडतात असे नाही. भिंत, टेबल, म्हैस, माणूस, प्रत्येक वस्तू आपापल्या उष्णतेप्रमाणे हे किरण सतत सोडत असते. वस्तू जितकी गरम, तितके किरण अधिक. आपण हे वाचत असताना आपल्या कपाळातूनही ते निघत आहेत. तेव्हा बंदूक काही सोडत नाही, ती फक्त घेते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मोहरीएवढा चमत्कार

आता प्रश्न असा, की एवढे क्षीण किरण यंत्राला कळतात कसे? १८२१ साली सीबेक या शास्त्रज्ञाने दाखवले, की दोन निरनिराळ्या धातूंच्या तारा टोकांशी जोडल्या आणि एक सांधा गरम व दुसरा थंड ठेवला, तर त्या तारांत विजेचा परिणाम दिसून येतो. पुढे इटलीत नोबिली आणि मेलोनी यांनी असे पुष्कळ सांधे एकापुढे एक जोडून त्यांची माळ केली. एका सांध्याची वीज नगण्य, पण माळ केली की ती मोजण्याजोगी होते. थेंबे थेंबे तळे साचे, तसाच हा प्रकार. या माळेला थर्मोपाइल म्हणतात. पूर्वी हे उपकरण टेबलावर मांडावे लागे. आज तीच माळ मोहरीच्या दाण्याएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर कोरली जाते आणि मटारच्या दाण्याएवढ्या धातूच्या डबीत बसवली जाते. बंदुकीच्या नळीत आत डोकावून पाहिले तर तळाशी जी छोटीशी काचेसारखी खिडकी दिसते, ती याच डबीची.

त्या तुकड्यावर मधोमध एक अतिशय पातळ पडदा ताणलेला असतो. त्याची जाडी माणसाच्या केसाच्या पन्नासाव्या भागाएवढी असेल-नसेल. माळेतले गरम व्हायचे सांधे या पडद्यावर असतात आणि थंड सांधे बाजूच्या चौकटीवर. कपाळातून आलेले किरण पडद्यावर पडले की पडदा किंचित तापतो, चौकट तशीच राहते, आणि दोहोंमधल्या फरकाइतकी वीज निर्माण होते. पडदा इतका हलका असतो, की तापायला क्षणही पुरतो. म्हणून जुन्या थर्मामीटरला काही मिनिटे लागत, ते काम ही बंदूक सेकंदात करते.

माणसाच्या आधी ही युक्ती निसर्गाने केली आहे. कोकणात आणि सह्याद्रीच्या जंगलात चापडा नावाचा हिरवा विषारी साप आढळतो. त्याच्या डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक खळगा असतो. या खळग्यात दोन्ही बाजूंना हवा राहील असा एक पातळ पडदा ताणलेला असतो. अंधारात उंदीर-बेडूक जवळ आले तर भोवतालापेक्षा वेगळी असलेली त्यांची ऊब या पडद्याला कळते आणि साप नेम धरतो. आपल्या बंदुकीतला पडदा त्याचाच चुलतभाऊ म्हणायला हरकत नाही.

यंत्र प्रामाणिक, आकडा अंदाजी

इथपर्यंत सगळे ठीक आहे. अडचण पुढे येते.

ताप म्हणजे शरीराच्या आतल्या भागाची उष्णता वाढणे. हृदय, यकृत, मेंदू यांचे तापमान शरीर मोठ्या कसोशीने सांभाळते. कातडीचे तसे नाही. थंडीत कातडीकडचा रक्तपुरवठा कमी होतो, उन्हाळ्यात वाढतो. घाम आला की ती गार पडते, उन्हात उभे राहिले की तापते. कपाळाची कातडी साधारणपणे आतल्या भागापेक्षा काही अंशांनी थंडच असते. निरोगी माणसाच्या कपाळाचे खरे तापमान ९३ किंवा ९४ अंश फॅरनहाइट असू शकते.

मग बंदुकीत ९८ कसे दिसते? कारण यंत्रात आधीच हिशेब भरून ठेवलेला असतो. कपाळ इतके, भोवतालची हवा इतकी, तर आतले तापमान बहुधा इतके, असे गणित करून ते आकडा दाखवते. शितावरून भाताची परीक्षा करावी तसे हे आहे. भात सगळीकडे सारखा शिजला असेल तर परीक्षा बरोबर येते. खाली करपला आणि वर कच्चा राहिला असेल, तर एक शीत काय सांगणार?

या बंदुकांत पुष्कळदा दोन खुंट्या असतात. एक माणसासाठी, दुसरी वस्तूंसाठी. लहान मुलाने खेळताना बटण दाबले आणि यंत्र वस्तूंच्या खुंटीवर गेले, की ते गणित न करता कातडीचे उघडे तापमान दाखवते. मग घरात आकांत होतो, "आजीचं अंग ९३ वर आलं, थंड पडत चालली." आजी मात्र पाटावर बसून लसूण सोलत असते. अशी धावपळ करून आलेली दोन-तीन कुटुंबे मी स्वतः पाहिली आहेत.

दुसरी अडचण यंत्राच्या स्वतःच्या तापमानाची. वर सांगितल्याप्रमाणे पडदा आणि चौकट यांमधला फरक मोजला जातो. म्हणजे चौकट स्वतः किती गरम आहे, हे यंत्राला अचूक कळले पाहिजे. त्यासाठी डबीत आणखी एक छोटा संवेदक असतो. पण यंत्र उन्हात उभ्या केलेल्या गाडीतून काढले, किंवा गार खोलीतून एकदम बाहेर आणले, तर त्याचे निरनिराळे भाग निरनिराळ्या तापमानाला असतात आणि हिशेब चुकतो. म्हणूनच जिथे वापरायचे तिथे ते आधी दहा ते तीस मिनिटे ठेवावे लागते. ही गोष्ट यंत्राच्या माहितीपत्रकात लिहिलेली असते, परंतु माहितीपत्रक खोक्याबरोबर टाकून देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे.

मे महिन्यातला धोका

आता सर्वांत महत्त्वाचे. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने या यंत्रांसाठी भोवतालचे तापमान सुमारे १६ ते ४० अंश सेल्सिअस आणि हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांपेक्षा कमी असावी, असे सांगितले आहे. बहुतेक यंत्रांच्या पत्रकांतही वरची मर्यादा ४० अंशांच्या आसपास किंवा त्याखालीच असते.

आमच्या भागात एप्रिल-मे मध्ये दुपारचे तापमान ४२ ते ४५ अंश होणे ही नवलाईची गोष्ट नाही. म्हणजे ज्या दिवसांत उष्माघाताची सर्वांत जास्त भीती असते, नेमक्या त्याच दिवसांत उघड्या ओसरीवर, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा शेताच्या बांधावर ही बंदूक आपल्या मर्यादेबाहेर गेलेली असते. छत्री पावसाळ्यात फाटावी, तसा हा प्रकार आहे.

त्यात घामाची भर पडते. घाम वाळताना कातडी थंड होते. शिवाय कोणाला भोवळ आली की आपण आधी काय करतो? डोक्यावर पाणी मारतो, कपाळावर ओला फडका ठेवतो. हे योग्यच आहे. पण त्यानंतर कपाळाला बंदूक लावली तर ती त्या ओल्या, थंड झालेल्या कातडीचे तापमान वाचते आणि सांगते, ९८. सर्व काही ठीक.

काही वर्षांपूर्वी एका शेतमजुराला मे महिन्याच्या दुपारी माझ्याकडे आणले. चाळिशीचा, धडधाकट गडी. कांदा काढताना खाली बसला आणि असंबद्ध बोलू लागला. शेजाऱ्यांनी पाणी मारले, सावलीत घेतले. कोणीतरी जवळची बंदूक लावली, तर आकडा आला ९७.९. "ताप नाही, अशक्तपणा असेल," असे म्हणून त्याला तासभर झाडाखाली निजवून ठेवले. बायकोला राहवले नाही म्हणून ती घेऊन आली. गुदद्वारात थर्मामीटर ठेवून पाहिले, तर १०५ च्या वर. लगेच थंड पाण्याने अंग भिजवणे, पंखा, सलाइन सुरू केले आणि जिल्ह्याच्या ठिकाणी हलवले. तो वाचला. आणखी तासभर झाडाखाली राहिला असता तर वाचला असता असे मला वाटत नाही. बंदूक खोटे बोलली का? नाही. तिने ओल्या कपाळाचे तापमान सांगितले. लोकांनी ते आतल्या शरीराचे समजले.

उष्माघातात शरीराच्या आतले तापमान १०४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ४० सेल्सिअस किंवा त्याहून वर जाते आणि मेंदू बिघडू लागतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे भर उन्हात झालेल्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसे दगावली, हे आपण विसरलेलो नाही. म्हणून वाचकांना माझे कळकळीचे सांगणे आहे, की उन्हात काम करणारा, उन्हातून चाललेला माणूस बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, त्याला फिट आली किंवा तो बेशुद्ध झाला, तर आकडा पाहत बसू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला, मान-काख-जांघेत बर्फ किंवा थंड फडके ठेवा आणि १०८ ला फोन करा. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. बंदुकीत ९८ आला तरी हेच करा.

बाळ-बाळंतिणीच्या घरात

दुसरा धोका तान्ह्या बाळांचा. हल्ली बारशाच्या आहेरातही ही बंदूक येते. झोपलेल्या बाळाला न उठवता ताप पाहता येतो, ही सोय मोठी आहे आणि मी ती नाकारत नाही. परंतु तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १०० च्या वर ताप येणे ही गंभीर बाब असते, आणि तिथे एक अंशाची चूकही महाग पडते.

शिवाय नवजात बाळाच्या अंगात जंतुसंसर्ग पसरला, तर ताप येईलच असे नाही. उलट बाळ गार पडू शकते. काखेतले तापमान ९७.७ ते ९९.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस असावे. त्याहून कमी असेल तरी काळजीचेच कारण. बाळ दूध ओढत नाही, मलूल आहे, रडणे क्षीण झाले आहे, श्वास जोरात चालतो आहे, यांपैकी काहीही दिसले तर बंदूक बाजूला ठेवा आणि बाळाला उचलून डॉक्टरांकडे न्या. पाय थंड आणि पोट गरम लागते का, हे आपल्या आज्या हाताच्या पाठीने पाहत. ती सवय आजही सोडण्यासारखी नाही. आईचा हात कधीकधी नसलेला ताप सांगतो, हे खरे. पण बाळ रोजच्यासारखे नाही, हे ओळखण्यात आईची बरोबरी करणारे यंत्र अजून निघालेले नाही.

वयस्कर माणसांचेही असेच. सत्तरीच्या पुढच्या माणसाला न्यूमोनिया झाला तरी ताप फार चढेलच असे नाही. एकाएकी गोंधळल्यासारखे वागणे, जेवण सोडणे, अंथरूण न सोडणे, एवढीच लक्षणे असू शकतात. तिथे "ताप नाही" या वाक्याला फारसा अर्थ नसतो.

एक अफवा आणि एक धडा

करोनाच्या काळात एक अफवा जोरात पसरली होती, की कपाळावर बंदूक रोखल्याने तिच्यातून किरण जाऊन मेंदूतल्या ग्रंथीला इजा होते. लोक कपाळ मागे घेऊन मनगट पुढे करू लागले. वर सांगितलेच आहे, की बंदूक किरण सोडत नाही, घेते. आपल्याकडे टक लावून पाहणाऱ्याच्या डोळ्यांतून जेवढी इजा होईल, तेवढीच तिच्यापासून होते, म्हणजे मुळीच नाही. मनगटाचे तापमान मात्र कपाळापेक्षाही चंचल असते, आणि यंत्रातला हिशेब कपाळासाठी केलेला असतो. त्यामुळे अफवेने काही साधले असेल तर एवढेच, की अंदाजी आकडा आणखी बिनकामाचा झाला.

ज्यातून लाल ठिपका पडतो ती बंदूक मात्र वेगळी. ती मोटारी, बॉयलर, भट्ट्या यांचे तापमान पाहण्यासाठी असते. लाल ठिपका लेझरचा असतो, तो फक्त नेम धरण्यासाठी. तो डोळ्यांवर पडू देऊ नये. अशा बंदुकीत दीड-दोन अंश सेल्सिअसची चूक चालते, कारण भट्टीला त्याने काही फरक पडत नाही. माणसाला पडतो. दोन अंश सेल्सिअस म्हणजे साडेतीन अंश फॅरनहाइटहून अधिक. निरोगी माणूस आणि तापाने फणफणलेला माणूस यांतले अंतर एवढेच तर असते! टंचाईच्या दिवसांत अशाही बंदुका माणसांच्या कपाळावर रोखल्या गेल्या.

धडा असा, की त्या साथीत दारावर ताप पाहून रोग अडवता आला नाही. कारण पुष्कळ बाधितांना ताप नव्हताच, काहींना लक्षणे दिसण्याच्या आधीपासूनच ते दुसऱ्यांना रोग देत होते आणि काहीजण पॅरासिटामॉलची गोळी घेऊन दारातून आत जात होते. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या २०२० च्या मोहिमेत आशाताई आणि स्वयंसेवक घरोघरी फिरले, तेव्हा त्यांच्या हातात बंदुकीबरोबर बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही होता आणि तोंडात प्रश्नही होते, खोकला आहे का, दम लागतो का, मधुमेह आहे का. माझ्या मते त्या मोहिमेत जे साधले ते विचारपूस आणि यंत्र यांच्या जोडीने साधले. नुसत्या बंदुकीने ते साधले नसते.

मग घरात काय असावे?

माझे स्पष्ट मत असे आहे, की प्रत्येक घरात एक साधा डिजिटल थर्मामीटर असावा, ज्याचे टोक काखेत किंवा जिभेखाली ठेवतात तो. तो बंदुकीपेक्षा कितीतरी स्वस्त असतो आणि अधिक भरवशाचा असतो. काख कोरडी पुसून टोक नीट आत बसवा, हात अंगाशी घट्ट धरा आणि आवाज येईपर्यंत थांबा. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक अंशाने कमी येतो. तोंडात ठेवायचा असेल तर आधी वीस-पंचवीस मिनिटे चहा किंवा गार पाणी घेऊ नका. लहान मुलांच्या तोंडात ठेवू नका.

पाऱ्याच्या जुन्या थर्मामीटरने आम्हा डॉक्टरांची उभी हयात सांभाळली. पण पारा विषारी आहे आणि काच फुटते. पाऱ्याचा वापर आटोक्यात आणण्यासाठी २०१३ साली झालेल्या मिनामाटा कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली आहे. घरात जुना थर्मामीटर फुटलाच तर मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, केरसुणीने झाडू नका. जाड कागदाने थेंब गोळा करून बंद बाटलीत ठेवा आणि दवाखान्यात द्या.

बंदूक घरात असेल तर ती फेकून देण्याचे कारण नाही. तिच्याकडून तिचे काम घ्या. सावलीत, वारा नसलेल्या जागी वापरा. आधी काही वेळ तिथेच ठेवा. बाहेरून आलेल्या माणसाला दहा-पंधरा मिनिटे बसू द्या. टोपी, फेटा, केस बाजूला करा, घाम पुसा, तेल-बाम-गंध असेल ती जागा टाळा. पत्रकात सांगितलेल्या अंतरावरच धरा, ते पुष्कळदा तीन ते पाच सेंटिमीटर असते. लांबून धरली तर कपाळाबरोबर मागची भिंतही मोजली जाते. नळीतली खिडकी बोटाने पुसू नका, तिथे धूळ किंवा बोटाचा डाग बसला की आकडा बिघडतो. माणसाची खुंटी आहे ना, हे पाहा. दोन-तीनदा मोजा. आणि आठवड्यातून एकदा घरातल्या निरोगी माणसाची बंदूक व काखेतला थर्मामीटर दोन्हींनी पाहणी करा, म्हणजे आपली बंदूक किती वर-खाली दाखवते हे कळेल.

नवी घेताना पक्के बिल, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि माहितीपत्रक मागा. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली आहेत. ज्या खोक्यावर कोणाचेच नाव नाही, ती वस्तू स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

शेवटी दोन शब्द शाळा, आश्रमशाळा, वसतिगृहे आणि ग्रामपंचायती चालवणाऱ्यांसाठी. बंदूक मोठ्या संख्येतून संशयित निवडण्यासाठी चांगली आहे, निकाल देण्यासाठी नव्हे. तिने ताप दाखवला तर काखेतल्या थर्मामीटरने खात्री करा. तिने ताप दाखवला नाही, पण मूल मलूल आहे, उलट्या करते आहे, डोके धरून बसले आहे, तर "बंदुकीत आला नाही" म्हणून त्याला वर्गात परत पाठवू नका. दरवर्षी मार्च संपण्याआधी प्रत्येक उपकेंद्रात, प्रत्येक मोठ्या शेतमजूर टोळीच्या मुकादमाकडे एक चांगला डिजिटल थर्मामीटर, पाण्याचे पिंप, बर्फ कुठे मिळेल त्याची माहिती आणि १०८ हा क्रमांक असला पाहिजे. याला लाखांचा निधी लागत नाही. एका बंदुकीच्या किमतीत अनेक थर्मामीटर येतात.

यंत्रे सुधारत आहेत, पुढेही सुधारतील आणि त्यांचे स्वागतच आहे. मोहरीएवढ्या तुकड्याने कपाळाची ऊब ओळखावी, ही लहानसहान गोष्ट नव्हे. पण तो तुकडा कपाळाच्या आत पाहू शकत नाही. आजारी माणसाकडे पाहणे, त्याची विचारपूस करणे, त्याच्या बोलण्याकडे लक्ष देणे, हे काम अजून आपल्याकडेच आहे. यापुढे दवाखान्यात याल तेव्हा आकडा जरूर सांगा. मात्र तो कशाने, कुठे आणि केव्हा मोजला हेही सांगा, आणि त्याआधी काय होते आहे ते सांगा.